क्लिंगॉनच्या कपाळावर कंगोरे आले कुठून?

१९९६ साली 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेला तीस वर्षं झाली. त्या निमित्ताने 'डीप स्पेस नाइन' या तिच्याच पुढच्या एका मालिकेच्या मंडळींनी एक खोडी काढली. त्यांची पात्रं काळात मागे जातात आणि थेट १९६७ सालच्या एका जुन्या, लाडक्या भागात जाऊन पडतात. जुन्या चित्रीकरणात नवे नट इतके बेमालूम मिसळले होते की सांधा शोधूनही सापडत नाही. तिथल्या अंतराळस्थानकावरच्या बारमध्ये वॉर्फ आणि त्याचे सहकारी बसलेले असतात. आसपास क्लिंगॉन, म्हणजे एका योद्ध्या परग्रही जमातीचे लोक, आहेत असं कळल्यावर सगळे माना वळवून बघतात. क्लिंगॉन? कुठे? समोर तर तोंडाला सावळा रंग फासलेली, दाढीमिश्या कोरलेली साधी माणसं उभी.

वॉर्फ स्वतः क्लिंगॉन. त्याच्या जमातीच्या कपाळावर हाडांचे मोठाले कंगोरे असतात, हे प्रेक्षकांना पाठ झालेलं. सहकाऱ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. तो अवघडून म्हणतो, हो, ते क्लिंगॉनच आहेत आणि ती मोठी कहाणी आहे. मग अंदाज सुरू होतात: जनुकांशी काही खेळ केला होता का? विषाणू होता का? वॉर्फ एका वाक्यात विषय मिटवतो. बाहेरच्यांशी आम्ही याबद्दल बोलत नाही.

या वाक्यावर जगभरचे चाहते खो खो हसले, कारण हा प्रश्न ते सतरा वर्षं एकमेकांना विचारत होते. १९७९ साली पहिला चित्रपट आला तेव्हा क्लिंगॉन अचानक वेगळेच दिसू लागले होते आणि कथेत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

दशकानुदशकं चालणाऱ्या विज्ञानकथांमध्ये परग्रहवासी असे बदलत राहतात. का बदलतात, याची दोन उत्तरं असतात. एक पडद्यामागचं: पैसा, वेळ, रबर, दिवे, नटाचा चेहरा. दुसरं कथेच्या आतलं: विषाणू, उत्क्रांती, वेगळा प्रदेश, वेगळी शाखा. ही दोन उत्तरं सहसा एकमेकांना ओळखतही नाहीत. चेहरा आधी बदलतो, कारण मागाहून येतं. कधी कधी तर पाव शतकानंतर.

रंग, कान आणि शिरस्त्राणं

क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले २३ मार्च १९६७ रोजी. त्यांच्या सेनानीचं, म्हणजे कोरचं काम जॉन कॉलिकॉस या नटाकडे होतं. रंगभूषाकार होते फ्रेड फिलिप्स. हा जीव नेमका कसा दिसतो हे आधीपासून कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. कॉलिकॉसनेच सुचवलं की चंगेज खानासारखं काहीतरी करू या. मग गडद तपकिरी रंग, जाड भुवया, खाली उतरणाऱ्या मिश्या, बोकडदाढी. झाला क्लिंगॉन.

इथे एक गोष्ट आज डोळ्यांत खुपते आणि खुपायलाच हवी. 'शत्रू' दाखवायचा तर गोऱ्या नटाला काळवंडायचं आणि त्याला आशियाई वळण द्यायचं, ही त्या काळच्या हॉलिवूडची सवय होती. शीतयुद्ध ऐन भरात होतं. अंतराळातला हा दुसरा साम्राज्यवादी गट कुणाची आठवण करून देण्यासाठी आहे, हे अमेरिकी प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यामुळे पहिला क्लिंगॉन चेहरा स्वस्त होता आणि सवयीचाही.

स्वस्ताईची बाजू मात्र खरोखर मोठी होती. मालिकेचा एक भाग साधारण आठवडाभरात चित्रित व्हायचा. क्लिंगॉनच्या आधी रोम्युलन ही शत्रूजमात आली होती, डिसेंबर १९६६मध्ये. त्यांचे कान टोकदार, मालिकेचा नायक स्पॉक ज्या वल्कन जमातीचा होता तिच्यासारखे. त्या भागाच्या कथेचा कणाच तो होता: शत्रू आपल्या स्पॉकसारखा दिसतो! पण टोकदार कान म्हणजे प्रत्येक नटासाठी वेगळा साचा, वेगळं रबर, सकाळी लवकर येऊन चिकटवणं. मग दुय्यम नटांच्या डोक्यांवर कान झाकणारी शिरस्त्राणं घातली. कान दिसणार नाहीत, तर बनवायला नकोत. पुढे क्लिंगॉन वारंवार आले आणि रोम्युलन मागे पडले, याचं एक कारण हेच सांगितलं जातं. रंग फासायला कानापेक्षा कमी वेळ लागतो.

रंगाचीही गंमत होती. स्पॉकची कातडी लालसर असावी असा मूळ विचार होता. पण त्या काळी अनेक घरांत कृष्णधवल संच होते आणि त्यावर लाल रंग काळाच दिसला असता. म्हणून फिकट पिवळसर छटा ठरली. मालिकेतल्या ओरायन या परग्रही जमातीच्या हिरव्या स्त्रीचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. चाचणीसाठी मजेल बॅरेट या अभिनेत्रीला हिरवं रंगवून चित्रीकरण केलं, फिल्म प्रयोगशाळेत धाडली, तर परत आली ती गुलाबी गोरी. पुन्हा रंगवलं, आणखी गडद. पुन्हा तेच. शेवटी उलगडा झाला की प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ इमानेइतबारे 'चुकलेला रंग' दुरुस्त करत बसला होता.

परग्रहवासी कसा दिसेल हे ठरवणाऱ्यांमध्ये तोही आलाच. वाहिनीचे अधिकारीही आले. एनबीसीने १९६६च्या आपल्या विक्रीपुस्तिकेत स्पॉकचे टोकदार कान आणि तिरक्या भुवया ब्रशने पुसून टाकल्या होत्या. सैतानासारखा दिसणारा नायक लोकांना चालेल का, ही धास्ती.

रबराचा प्रताप

१९७९चा चित्रपट म्हणजे वेगळाच मामला. खर्च चार कोटी डॉलरच्या वर गेला. घरातल्या छोट्या संचाऐवजी चित्रपटगृहाचा अवाढव्य पडदा. त्यावर नुसता तपकिरी रंग आणि चिकटवलेली दाढी आणली असती तर शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण झाली असती. वेशभूषाकार रॉबर्ट फ्लेचर यांच्या कल्पनेतून नवा क्लिंगॉन आला. पाठीचा कणा मानेवरून वर चढतो, डोक्यावरून पुढे येतो आणि नाकाच्या मुळाशी उतरतो, अशी ती कल्पना. कपाळाच्या मधोमध एक जाड, मणक्यांची रांग. रंगभूषा याही वेळी फ्रेड फिलिप्स यांचीच होती. म्हणजे १९६७चा गुळगुळीत क्लिंगॉन आणि १९७९चा कंगोऱ्यांचा क्लिंगॉन एकाच माणसाच्या हातून गेले.

हे नवे क्लिंगॉन चित्रपटाच्या सुरुवातीला काही मिनिटं दिसतात आणि मरतात. बस. तेवढ्या मिनिटांनी पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचं कपाळ ठरवलं.

असं कपाळ बनतं कसं, हे समजलं की बदल का होत राहतात हेही उमगतं. आधी नटाच्या चेहऱ्याचा ठसा घेतात. दातांचे डॉक्टर दातांचा ठसा घ्यायला जो लगदा वापरतात, तशाच पदार्थाने चेहरा झाकायचा, नाकपुड्या तेवढ्या उघड्या. त्या ठशातून नटाच्या चेहऱ्याची हुबेहूब प्रतिकृती ओततात. तिच्यावर मातीने कंगोरे घडवतात. मग त्या मातीचा साचा. साचा आणि प्रतिकृती यांच्यामधली माती काढून टाकली की जी पोकळी उरते, तोच नवा चेहरा. या पोकळीत फोम लेटेक्स भरतात. हे द्रव रबर, फेस येईपर्यंत घुसळलेलं. भट्टीत भाजलं की त्याचा हलका, स्पंजसारखा तुकडा तयार होतो. कडा इतक्या पातळ असाव्या लागतात की त्या कातडीत विरघळून जातील. गोंदाने चिकटवायचं, कडा बुजवायच्या, रंग द्यायचा, केस लावायचे. संध्याकाळी काढताना त्या पातळ कडा फाटतात. म्हणून दुसऱ्या दिवशी नवा तुकडा, त्याच साच्यातून.

साचा झिजतो. नटाचं वजन वाढतं. रंगभूषाकार बदलतो आणि त्याला आधीच्या माणसाचं काम नव्याने घडवावं लागतं. यातली एकेक गोष्ट कपाळाला थोडंथोडं हलवते.

१९८४च्या तिसऱ्या चित्रपटात एक महत्त्वाचा फरक झाला. १९७९मध्ये सगळ्या क्लिंगॉनच्या कपाळावर जवळपास एकच रांग होती. पाच मिनिटांच्या दृश्याला ते पुरतं. पण क्लिंगॉन खलनायक चित्रपटभर वावरणार, त्याचे साथीदार बोलणार, भांडणार, तर ते वेगवेगळे ओळखू यायला हवेत. तेव्हापासून ज्याचं त्याचं कपाळ वेगळं होऊ लागलं. १९८७मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली आणि मायकल वेस्टमोर या रंगभूषाकाराने ही पद्धत पक्की केली. डायनासोरच्या मणक्यांच्या चित्रांवरून त्याने कंगोऱ्यांचे नमुने उचलले. आता कपाळ म्हणजे गणवेश राहिला नाही, ते माणसाच्या नाकासारखं झालं. जमात एक, नाक ज्याचं त्याचं.

याच मालिकेत मायकल डॉर्नने वॉर्फ साकारला. सात वर्षं इथे, मग चार वर्षं 'डीप स्पेस नाइन'मध्ये, शिवाय चित्रपट. पहिल्या आणि दुसऱ्या हंगामातला वॉर्फ शेजारी ठेवा. कपाळ बदललंय, छातीवरचा पट्टाही बदललाय. पहिल्या हंगामातला सोनेरी पट्टा १९६७च्या क्लिंगॉन पोशाखातलाच होता, नंतर धातूचा आला. हे एकाच जमातीचं तर सोडाच, एकाच पात्राचं कपाळ. आणि त्याबद्दल कुणीही तक्रार केली नाही. का, ते पुढे सांगतो.

चेहरा कुणाचा, नटाचा की जमातीचा?

रबराखाली माणूस असतो. त्याचे डोळे दिसले पाहिजेत, भुवया हलल्या पाहिजेत, ओठ बोलले पाहिजेत. दोन मिनिटं येऊन मरणाऱ्या शत्रूला मुखवटा चालतो. ज्याच्यावर प्रेक्षकांनी सात वर्षं जीव लावायचा आहे, त्याला चेहरा लागतो. परग्रहवासी शत्रू न राहता मित्र झाला की त्याचं रबर पातळ होतं, हा जवळजवळ नियमच म्हणा. 'व्हॉयेजर'मधली बेलाना टोरेस अर्धी क्लिंगॉन होती. रोज पडद्यावर दिसणारी मुख्य अभियंता. तिच्या कपाळावरचे कंगोरे किती सौम्य आहेत बघा.

याचं सगळ्यात उघड उदाहरण ट्रिल जमातीचं आहे. १९९१मध्ये ट्रिल पहिल्यांदा दिसले तेव्हा कपाळावर आणि नाकावर ठसठशीत उंचवटा होता. १९९३मध्ये 'डीप स्पेस नाइन' सुरू झाली आणि टेरी फॅरेल ही अभिनेत्री मुख्य पात्रांपैकी एक असलेली ट्रिल झाली. कपाळ लावून पाहिलं, तर इतका सुंदर चेहरा रबराखाली दडपला जातोय असं निर्मात्यांना वाटलं. उंचवटा गेला. त्याऐवजी कानशिलापासून मानेवरून खाली उतरणारे तपकिरी ठिपके आले, तेही आधीच्या एका भागातल्या वेगळ्याच परग्रहवासी स्त्रीकडून उसने. वेस्टमोर ते ठिपके हाताने रंगवायचा, दर दिवशी, वर्षानुवर्षं.

कथेत स्पष्टीकरण? काही नाही. आणि फार बोंबही झाली नाही. जुने ट्रिल एका भागापुरते आले होते, कुणाच्या मनात त्यांनी घर केलं नव्हतं.

आता वॉर्फकडे परत येऊ. चाहत्यांची एक विचित्र पण तर्कशुद्ध वागणूक इथे दिसते. १९८२च्या चित्रपटात साविक या वल्कन स्त्रीचं काम कर्स्टी अ‍ॅलीने केलं, १९८४मध्ये रॉबिन कर्टिसने. संपूर्ण चेहरा बदलला! तरी कथेत कुणाला त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. पण क्लिंगॉनच्या कपाळाचं लागलं. असं का? कारण नट बदलला की आपण मनात म्हणतो, पात्र तेच, वेश घालणारा दुसरा. तो करार नाटकाइतकाच जुना आहे. कपाळावरचं हाड मात्र नटाचं नसतं. ते जमातीचं असतं, जीवशास्त्राचं असतं. विज्ञानकथा आपल्याला सांगत असते की हे जग नियमांनी चालतं. मग हाड उगवतं आणि मावळतं कसं, हा प्रश्न त्या जगाच्या नियमांवरच येतो. वॉर्फचं कपाळ थोडं इकडचं तिकडे झालं तरी हाड होतंच. जमातीचा नियम मोडला नव्हता.

याची उलट बाजूही आहे. काही भर पडली तर लोक बोलत नाहीत. निळ्या अँडोरियन जमातीच्या डोक्यावर १९६७मध्ये ताठ, निर्जीव शिंगुट्या होत्या. २००१मध्ये 'एंटरप्राइज' मालिकेत त्याच शिंगुट्या दूरनियंत्रकाने हलू लागल्या. राग आला की पुढे झुकतात, गोंधळ उडाला की फाकतात. सगळे खूश. जे होतं त्यात जीव आला होता.

ठिगळ लावण्याचे प्रकार

तर चेहरा बदलला. आता कथाकारांनी काय करायचं?

सोपा मार्ग म्हणजे गप्प बसणं. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांची भूमिका साधारण अशी होती की क्लिंगॉन पहिल्यापासून असेच आहेत, १९६०च्या दशकात आम्हाला ते दाखवणं परवडलं नाही, एवढं समजून घ्या. हा मार्ग मला व्यक्तिशः पटतो. १९८८मध्ये रोम्युलनांच्या कपाळावर व्हीच्या आकाराचा उंचवटा आला, तेव्हाही मालिका गप्पच राहिली. पण गप्प बसण्याला एक अट आहे: दोन्ही चेहरे एका चौकटीत येता कामा नयेत. जुना चेहरा जुन्या मालिकेत, नवा चेहरा नव्या मालिकेत, तोवर प्रेक्षक डोळेझाक करतो. १९९४मध्ये कोर, कोलोथ आणि कांग हे तीन जुने क्लिंगॉन 'डीप स्पेस नाइन'मध्ये परत आले, तेच नट, म्हातारे झालेले, आणि आता कपाळावर कंगोरे. तरीही निभावलं, कारण त्यांचे तरुण चेहरे शेजारी नव्हते. १९९६च्या त्या खोडकर भागात मात्र जुनं चित्रीकरणच वापरायचं होतं. जुने क्लिंगॉन पडद्यावर, नवा क्लिंगॉन त्यांच्यासमोर. आता बोलणं भाग होतं. आणि वॉर्फने न बोलण्याचंच बोलून दाखवलं.

दुसरा मार्ग: ही वेगळी शाखा आहे, म्हणायचं. ब्रिटिश मालिका 'डॉक्टर हू'मध्ये सिल्यूरियन ही भूमिगत सरीसृप जमात १९७०मध्ये आली तेव्हा तिला कपाळावर तिसरा डोळा होता आणि चेहरा म्हणजे पूर्ण रबरी मुखवटा. २०१०मध्ये परत आली तेव्हा तिसरा डोळा गायब आणि अभिनेत्रीचा चेहरा हिरव्या खवल्यांमधून स्पष्ट दिसणारा. मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, एका वाक्यात उरकतो: ही त्याच जमातीची दुसरी शाखा. 'स्टार ट्रेक'ने रोम्युलनांसाठी अखेर २०२०मध्ये हाच उपाय केला. 'पिकार्ड' मालिकेत उंचवटा असलेले आणि नसलेले रोम्युलन एकाच घरात राहतात आणि संवादात ओझरता उल्लेख येतो की उंचवटावाला उत्तरेकडचा आहे. मला ही तोड आवडते. माणसांचीच जमात बघा ना, एका ग्रहावर किती चेहरे आहेत. परग्रहावर सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतील हे गृहीतच जरा आळशी होतं.

तिसरा मार्ग सगळ्यात धूर्त: बदलणं हाच त्या जमातीचा स्वभाव करून टाकायचा. 'डॉक्टर हू'मधले सायबरमॅन ८ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिल्यांदा दिसले. तोंडावर कापड ताणलेलं, हात चक्क उघडे माणसांचे, छातीवर भलं मोठं यंत्र. पुढच्याच वर्षी त्यांचं रूप पार पालटलं, आणि नंतर पालटतच राहिलं. कुणी जाब विचारला नाही, कारण ही जमातच स्वतःचे अवयव काढून नवे यंत्रभाग बसवणाऱ्यांची. त्यांचा चेहरा बदलला नसता तर नवल. गंमत म्हणजे सायबरमॅनच्या त्याच पहिल्या कथेच्या शेवटच्या भागात, २९ ऑक्टोबर १९६६ला, नायकाचाही चेहरा बदलला. विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, मालिका तर चालू ठेवायची होती. म्हणून ठरलं की डॉक्टर परग्रहवासी आहे आणि तो शरीर नव्याने घडवू शकतो. हार्टनेल जमिनीवर पडले आणि पॅट्रिक ट्रॉटन उठले. एका नटाच्या आजारपणातून निघालेली ही पळवाट पुढे त्या मालिकेचा आत्मा झाली.

अर्थात कथेतलं कारण दिलं म्हणजे प्रेक्षक गप्प होतील असंही नाही. २०१०मध्ये त्याच मालिकेने डालेक, म्हणजे डॉक्टरचे जुने परग्रही शत्रू, नव्या रूपात आणले: उंच, धिप्पाड, पाच भडक रंगांत. कथेत कारण चोख होतं. हे शुद्ध वंशाचे नवे डालेक, ते जुन्यांना अशुद्ध ठरवून संपवतात. पण लोकांना ते खेळण्यांसारखे वाटले. दोनेक वर्षांत कांस्यरंगी जुने डालेक परत आले आणि नवे हळूच मागच्या रांगेत गेले. १९६३मध्ये रे क्यूसिक यांनी घडवलेली ती आकृती लोकांना पाठ होती, आणि पाठ झालेल्या गोष्टीत फेरफार केला की कानाला खटकतं.

चौथा मार्ग म्हणजे पूर्ण, सविस्तर, वैद्यकीय खुलासा. तो 'एंटरप्राइज'ने केला.

विषाणूची गोष्ट

'एंटरप्राइज'ची अडचण वेगळी होती. ती २००१मध्ये सुरू झाली, पण तिची कथा घडते मूळ मालिकेतला कप्तान कर्क याच्या जहाजाच्या शंभर वर्षं आधी. आणि पहिल्याच भागात क्लिंगॉन येतो तो कंगोऱ्यांसकट. आता कोडं आणखी घट्ट झालं. २१५१मध्ये कंगोरे आहेत, २२६०च्या दशकात नाहीत, २२७०च्या दशकात पुन्हा आहेत. म्हणजे हाड गेलं आणि परत आलं.

फेब्रुवारी २००५मध्ये लागोपाठच्या दोन भागांत याचं उत्तर आलं. क्लिंगॉनांच्या हाती जनुकसुधारित माणसांचे भ्रूण लागतात. त्यांचे शास्त्रज्ञ विचार करतात, या जनुकांनी आपले सैनिक अधिक बळकट होतील. प्रयोग फसतो. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांच्यातल्या एकाला साधा फ्लू असतो. तो विषाणू नव्या जनुकांशी जुळतो आणि हवेतून पसरणारी जीवघेणी साथ सुरू होते. पहिल्या टप्प्यात कपाळावरचे कंगोरे विरघळतात, पुढच्या टप्प्यात मज्जासंस्था कोसळते. एंटरप्राइजचा डॉक्टर फ्लॉक्स इलाज शोधतो, पण तो इलाज साथीला पहिल्या टप्प्यावरच रोखतो. जीव वाचतात, कपाळं नाही. लाखो क्लिंगॉन गुळगुळीत कपाळाने जगणार, आणि पोरांनाही तेच मिळणार.

बघा, १९९६मध्ये बारमधल्या दोघांनी जे दोन अंदाज केले होते, जनुकांचा खेळ आणि विषाणू, ते दोन्ही एकत्र शिवून हे उत्तर केलं आहे. आणि वॉर्फ का बोलत नाही तेही यातून कळतं. योद्ध्यांच्या जमातीला स्वतःच्या घोडचुकीने मानवी जनुकं चिकटली आणि चेहरा गेला, ही काही परक्यांना सांगायची गोष्ट नव्हे. कंगोरे परत कसे आले? तेवढं विनोदावर सोडलंय. शेवटी क्लिंगॉन डॉक्टर अंताक म्हणतो की आता कवटीच्या पुनर्रचनेचा धंदा करावा, त्याला फार मागणी येणार आहे.

आधी पडद्यावर दिसलेल्या विसंगतीला मागाहून असं कारण जोडण्याला चाहते 'रिटकॉन' म्हणतात. हा रिटकॉन कारागिरीचा उत्तम नमुना आहे, यात शंका नाही. तरीही मला वॉर्फचं एक वाक्य या दीड तासापेक्षा जास्त पटतं. कारण खुलासा करताना भूतकाळाला खिळे ठोकले जातात. 'गप्प बसा' या पद्धतीत पुढच्या रंगभूषाकाराला मोकळीक असते. 'विषाणूने कंगोरे गेले' असं एकदा अधिकृतपणे सांगितलं, की २१५४, म्हणजे कथेतल्या साथीचं वर्ष, आणि १९७९च्या चित्रपटाचा काळ यांमधली प्रत्येक गोष्ट त्या वाक्याला जुळवावी लागते.

आणि नेमकं तिथेच पुढची मालिका येऊन बसली.

'डिस्कव्हरी' २०१७मध्ये आली, कथा कर्कच्या दहा वर्षं आधीची. नेव्हिल पेज आणि ग्लेन हेट्रिक यांनी क्लिंगॉन मुळापासून नव्याने घडवले: केस नाहीत, कवटी मागे लांबलेली, नाकपुड्या दोनाऐवजी चार. त्यांचा विचारही झाला होता. शिकारी जमात, म्हणून डोक्यावरच संवेदनांची केंद्रं, आणि केस त्यांच्या आड येतील. घरोघरी आता बारीकसारीक छिद्रंही दाखवणारे पडदे होते, त्यामुळे जुन्या काळासारखं काम खपलं नसतं हेही खरं. पण विषाणूच्या हिशोबाने या काळात गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन हवे होते, आणि हे तर तिसरेच कुणीतरी. शिवाय हे सगळे लांबलचक संवाद क्लिंगॉन भाषेत बोलत, जाड मुखवट्यातून. नटांचे ओठ झगडताना दिसत. मला विचाराल तर लोकांची खरी नाराजी कवटीच्या आकारापेक्षा यावर होती. मुखवटा बोलत होता, माणूस नाही.

२०१९च्या दुसऱ्या हंगामात केस परतले. कारण दिलं गेलं की क्लिंगॉन युद्धकाळात डोकं भादरतात, शांतता झाली की वाढवतात. ठिगळावर ठिगळ, पण चलाख.

जून २०२३मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'चा दुसरा हंगाम क्लिंगॉनांपासूनच सुरू झाला. काळ पुन्हा कर्कच्या आधीचा, म्हणजे विषाणूच्या सावलीतलाच. आणि पडद्यावर दिसले ते वॉर्फच्या घराण्यातले वाटावेत असे क्लिंगॉन: लांब केस, कपाळावर ओळखीचे कंगोरे. कोण, कसे, कधी, एक शब्द नाही. स्पॉक त्यांच्या कप्तानाबरोबर बसून ब्लडवाइन ही क्लिंगॉन दारू पितो आणि कुणीही कुणाच्या कपाळाकडे बघत नाही.